चौदाव्या लेनवरचं शून्य

पुणे
९ जून २०२५

प्रिय आत्या,
सा. न.

कागदावरचं पत्र बघून घाबरू नकोस, मी बरी आहे. इथे नेमबाजीच्या शिबिरात आल्या दिवशीच सगळ्यांचे फोन काढून घेतले. रविवारी दहा मिनिटं मिळतो, आणि ती दहा मिनिटं पप्पांची. ते कुंडलला सोप्यात बसून फोन स्पीकरवर ठेवतात, मग आजी, शेजारच्या काकू, दूध घालायला आलेला माणूस, सगळेच माझी चौकशी करतात. तुझ्याशी बोलायचं राहूनच जातं. म्हणून वहीची पानं फाडली.

दिल्लीची पहिली निवड चाचणी होऊन दहा दिवस झाले, तरी तो क्षण डोळ्यांपुढून जात नाही. चिठ्ठीत आपल्या लेन शेजारी शेजारी आल्या, तू चौदा नंबरला, मी पंधरा. माझ्या अठ्ठेचाळीस गोळ्या झाल्या होत्या. पुढच्या गोळीसाठी मी पिस्तूल उचललंही नव्हतं आणि माझ्या मॉनिटरवर दहाचा ठिपका आला. तेवढ्यात तू हात वर केलास. पंच आले. "गोळी माझी आहे, तिच्या टार्गेटवर गेली," असं तू शांतपणे सांगितलंस आणि तुझ्या नावापुढे दहाच्या जागी शून्य लागलं. शेवटी मी ५७१, तू ५६६. ते शून्य नसतं तर तुझे ५७६ झाले असते आणि बाकूच्या स्पर्धेसाठी संघातली जी एकच जागा उरली आहे, ती जवळजवळ तुझीच होती.

मला वाटलं चुकून झालं. पण काल पप्पांनी फोनवर पेपरातली बातमी वाचून दाखवली. "भाचीसाठी आत्याने सोडली संघातली जागा." आजी मागून म्हणाली, "माझी संयोगा हायच तशी." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सात वर्षांत तुझी गोळी कधी दुसऱ्याच्या टार्गेटवर गेली नाही, आणि गेली ती नेमकी माझ्याच?

आत्या, मी तुझे उपकार कसे फेडू? मला रडू येतं आहे, पुढचं लिहवत नाही.

तुझी,
अक्षता


इस्लामपूर
१५ जून

चि. अक्षतास,
आशीर्वाद वगैरे आहेतच. आता नीट ऐक.

मी तुला काहीही दिलेलं नाही. एक गोळीसुद्धा नाही. तू रडू बिडू नकोस आणि उपकार हा शब्द परत लिहू नकोस, मला तो वाचून ठसका लागला.

माझी चूक झाली. नवशिक्या पोरी करतात तसली चूक, त्रेचाळिसाव्या वर्षी, देशातल्या सगळ्या नेमबाज बायका बघत असताना झाली. कशी झाली तेही सांगते. आपण दोघी सराव कुठे करतो? आमच्या घरामागच्या कोंबड्यांच्या रिकाम्या शेडमध्ये. तिथे टार्गेट किती? एक. तू दहा मारायचीस, मग मी दहा मारायची. समोर बघितलं की जे दिसेल ते आपलंच. दिल्लीत समोर साठ टार्गेटं, नंबर वाचून आपलं शोधायचं. बावन्नाव्या गोळीला मी नंबर वाचला नाही. संपलं.

पेपरवाल्याला ही बातमी कुणी दिली माहीत आहे? तुझ्या पप्पांनी. एवढ्यावर भागलं नाही. बुधवारी शाळेतून येताना आमच्या मुख्याध्यापकांनी माझं अभिनंदन केलं, म्हणाले, "मॅडम, कुंडलला तुमचा बॅनर बघितला." मी तशीच एसटीत बसले. स्टँडसमोर, रसवंतीच्या वर, पंधरा फुटांचा बॅनर. माझा लग्नातला फोटो, बाजूला तुझा पिस्तूल धरलेला. खाली मोठ्या अक्षरात "त्यागमूर्ती सौ. संयोगिताताई." मला एक मेडल मिळालं तेव्हा कुणी पोस्टकार्डाएवढा कागद लावला नव्हता, आणि शून्य मारलं तर पंधरा फूट!

रसवंतीवाल्याकडून कोयता मागून घेतला आणि भर दुपारी दोऱ्या कापल्या. बॅनर खाली आला तो थेट त्याच्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावर. तोवर भाऊसोला, म्हणजे तुझ्या पप्पांना, कुणीतरी फोन केलेला. तो मोटरसायकलवरून धावत आला.

"आगं, लोकं चांगलंच बोलत्यात न्हवं? तुझं काय जातंय?"

"भाऊसो, ते शून्य माझं हाय. म्या केलंय. त्येला माया म्हनायचं न्हाई."

"बरं, चूक तर चूक. पन लोकास्नी कशाला सांगतीस?"

म्हणजे बघ, माझ्या भावाला चुकलेली बहीण चालत नाही. सोडून देणारी चालते.

बॅनर घरी आणलाय. तुझे काका, उदयसिंह, म्हणाले, शेडच्या पत्र्याला भोक पडलंय तिथे बांधू.

तू सराव कर. श्वास सोडताना खांदा उचलतेस, तो उचलू नकोस.

आत्या


पुणे
२२ जून

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. बॅनरचं वाचून हसले, आमच्या खोलीतल्या पोरींनाही वाचून दाखवलं. पण खरं सांगू? मला ते सगळं पटलं नाही. मला ओझं वाटू नये म्हणून तू असं लिहिते आहेस, हे कळण्याइतकी मी मोठी आहे. मी सातवीत असताना तू मला दर शनिवारी सांगलीच्या रेंजवर न्यायचीस. दोन वर्षं नुसती बाकावर बसलीस, माझा डबा आणि दप्तर सांभाळत. तिथले सर म्हणाले, बसून काय करता ताई, धरा की पिस्तूल, तेव्हा कुठे तू उठलीस. एवढं करणारं माणूस आणखी एक गोळीही देईल, यात मला नवल वाटत नाही.

आता एक विचारायचं आहे. जुलैच्या शेवटी दुसरी चाचणी. दोन्हींचे गुण मिळवून ती जागा ठरणार, म्हणजे तुला माझ्यापेक्षा सहा जास्त मारावे लागतील. पप्पा म्हणाले, तू काही येणार नाहीस, तसं ठरल्यातच जमा आहे. आमच्या कोच मॅडमनीही तेच ऐकलं आहे. त्या म्हणाल्या, बरं झालं, तुझं डोकं मोकळं राहील.

खरंच नाही येणार? नाही आलीस तरी कुणी काही म्हणणार नाही. तुझी शाळा आहे, घर आहे, मागच्या वर्षी खांदाही दुखत होता. तू खूप केलंस. आता परत सहा गुणांमागे धावून स्वतःला त्रास का करून घ्यायचा? मी बाकूला गेले तर तूच गेल्यासारखं आहे.

तुझी,
अक्षता


इस्लामपूर
२९ जून

अक्षता,

"मी गेले तर तूच गेल्यासारखं आहे." हे वाक्य मी चार वेळा वाचलं. पाचव्या वेळी पत्र उदयसिंहांना दिलं आणि शेडमध्ये जाऊन चाळीस गोळ्या मारल्या. एकही धड लागली नाही.

तू गेलीस तर तू जाशील. मी इस्लामपुरात असेन, आठवीच्या पोरांना कवायत शिकवत.

तुला खरं ऐकायचं आहे ना? मग ऐक. मागच्या पत्रात मी लिहिलं ते खरं होतं, पण अर्धं. एका टार्गेटची सवय वगैरे ठीक आहे. पण आधीच्या एक्कावन्न गोळ्यांना मी नंबर वाचला होता की. बावन्नाव्याला का नाही वाचला? कारण मी तुझ्या मॉनिटरकडे बघत होते. चाळिशी ओलांडल्यापासून, म्हणजे चाळिसाव्या गोळीपासून म्हणते, मी प्रत्येक गोळी मारली की डोळ्याच्या कोपऱ्यातून तुझा आकडा बघायचे. मी पुढे होते. किती पुढे ते बघायचं होतं. तुझा दहा पडला की मी परत हिशोब करायचे. तुझ्या हातून एक आठ सुटावा असं मला वाटत होतं. तुझ्या मॉनिटरवरून मान वर केली, तीच नजर सरळ तुझ्या टार्गेटवर गेली, तिथेच पिस्तूल उचललं, तिथेच मारलं. आणि फार सुरेख मारलं.

माया नव्हे, पोरी. हेवा. ज्या पोरीला मी हात धरून उभं राहायला शिकवलं, तिचा हेवा. हे मी उदयसिंहांनाही सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. ते जराही दचकले नाहीत. म्हणाले, पलटणीत असताना माझ्या शेजारच्या जवानाला मेडल मिळालं तेव्हा मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो.

त्या बाकाचंही सांगते. मी दोन वर्षं तुझा डबा सांभाळत बसले नव्हते. कॉलेजात एनसीसीला होते तेव्हा माझा नेम सगळ्या बटालियनमध्ये चांगला होता. लग्न झालं, बीपीएड झालं, नोकरी लागली, आणि रायफल कुठल्या कुठे गेली. त्या बाकावर बसून मी पोरींचे हात बघत होते आणि मनात म्हणत होते, हिच्यापेक्षा मी बरी मारीन. दोन वर्षं म्हणत होते. सरांनी विचारलं नसतं तर मीच विचारणार होते.

रविवारी तुझे पप्पा आणि आजी इथे येऊन गेले. आजीनं पिशवीतून नारळ काढून माझ्या ओटीत घातला, म्हणजे विषय मोठा आहे हे कळलं.

"संयोगा, पोरीच्या तोंडचा घास काढतीस व्हय गं?"

"आई, घास अजून ताटातच हाय. ज्येचा हात आधी पोचंल त्येचा."

"तुला काय कमी हाय?"

"बाकू कमी हाय."

आजीला बाकू म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. तिला वाटलं एखादा दागिना असेल. उदयसिंहांनी समजावून सांगितलं की परदेशातलं गाव आहे, तिथे जगातल्या बायका नेम मारायला येतात. ती म्हणाली, "मग आक्षी जाऊंदे की, तरनी पोर हाय." भाऊसो चहा न पिता उठला.

मी येणार आहे. अर्ज गेला. उदयसिंहांनी शेडमध्ये आता तीन टार्गेटं लावली आहेत, वर रंगानं नंबर टाकलेत, तेरा, चौदा, पंधरा. रोज सकाळी मी पाठ करून उभी राहते, ते एक नंबर ओरडतात, मग वळायचं, नंबर वाचायचा आणि तिथेच मारायचं. कधी कधी मुद्दाम दोन नंबर ओरडतात. हवालदाराची बायको होण्याचा एवढा एक फायदा.

तुझ्या पत्रात माझ्या वयाबद्दल, खांद्याबद्दल जे लिहिलंस ते तुझं नव्हतं, तुझ्या पप्पांचं होतं. पण अक्षर तुझं होतं. त्याचा राग आला आहे.

संयोगिता


पुणे
५ जुलै

आत्या,

तू खाली नुसतं संयोगिता लिहिलंस, ते बघून दिवसभर जेवण गेलं नाही.

मीही एक सांगते आणि मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. माझ्या मॉनिटरवर तो ठिपका पडला तेव्हा मला लगेच कळलं होतं की गोळी तुझी आहे. पिस्तूल टेबलावर होतं माझं. हात वर करायला हवा होता. मी केला नाही. तीन सेकंद, चार सेकंद, मला माहीत नाही. मनात आलं, दहा आहे, राहू दे, बघू कुणाच्या लक्षात येतं का. मग तुझा हात वर दिसला. सगळे म्हणतात मी शांत उभी होते. मी शांत नव्हते, मी चोरी करायच्या बेतात होते.

म्हणून तुझ्या त्यागाची बातमी ऐकून मला एवढं रडू आलं. तो त्याग असता तर माझं ते चार सेकंदांचं कुणाला कधी कळलं नसतं. तू मुद्दाम दिलंस असं मानलं की मी फक्त घेणारी ठरत होते, आणि ते सोपं होतं.

आणि हो, तू येऊ नयेस असं मला वाटत होतं. पप्पांचे शब्द मी वापरले, कारण माझे शब्द वापरायची लाज वाटली. मला तुझी भीती वाटते. तू चौदा नंबरला उभी राहिलीस की मला माझं पिस्तूल जड लागतं.

आता ये. नाही आलीस तर ही जागा मला आयुष्यभर कुणीतरी दिलेली म्हणून मिरवावी लागेल, पंधरा फुटी बॅनरसकट. मला ती नको. मला तू समोर हवीस आणि मला तुला हरवायचं आहे. तू माझा हेवा केलास हे वाचून राग आला, आणि त्याच रागात काल सरावाला ५७३ मारले.

खांदा उचलत नाही आता.

अक्षता


इस्लामपूर
२१ जुलै

चि. अक्षतास,

उद्या सकाळी मिरजेहून गाडी आहे. हे पत्र तुला दिल्लीला निघायच्या आधी मिळावं म्हणून उदयसिंह स्वतः पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे देणार आहेत.

तुझे चार सेकंद मी वाचले. मला सांगितलंस, हे पुष्कळ झालं. दुसऱ्या कुणाला सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी शाळेत पोरांना शिक्षा करते, पण चार सेकंदांची शिक्षा मला येत नाही.

कालचं एक तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते. भाऊसोचा फोन आला होता. म्हणाला, "माज्या पोरीवर पिस्तूल रोखून हुबी ऱ्हानार आसशील, तर राखीला दारात येऊ नगंस." मी म्हटलं, पिस्तूल तिच्यावर नाही, पुठ्ठ्यावर रोखते. तो म्हणाला, "त्येच त्ये." आणि ठेवून दिला.

वीस वर्षांत मी एकही राखी चुकवलेली नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी पूर आला होता, तेव्हा ताकारीच्या पुलावरून चालत आले होते. काल पहिल्यांदा वाटलं, नको जाऊ दे. अर्ज मागे घ्यावा, डोकं दुखतं म्हणावं. फोन हातात घेतला. आणि मग विचार केला, ह्या वर्षी मी जागा सोडून राखी बांधली, तर पुढच्या वर्षी भाऊ काय सोडायला सांगेल? मी ज्या हाताने राखी बांधते, त्याच हाताने नेम मारते. त्याला एक हात हवा आणि दुसरा नको, असं चालणार नाही.

रडले मात्र. ते लपवत नाही.

दिल्लीत भेटलीस तर स्पर्धा संपेपर्यंत माझ्या पाया पडू नकोस. दोघींचे हात थरथरतील.

आत्या


कुंडल
३ ऑगस्ट

प्रिय आत्या,

दिल्लीहून आल्यावर पाच दिवस मी कुणाशीच बोलले नाही, तुझ्याशीही. स्टेशनवर तू जवळ आलीस तेव्हा मी पाठ फिरवली. तुझे ५७९. माझे ५७२. दोन्ही मिळून तू दोन गुणांनी पुढे. ५७२ मी आयुष्यात कधी स्पर्धेत मारले नव्हते. म्हणजे मी माझं सगळं दिलं आणि तरी कमी पडले. मला हे अजून गिळवत नाही. तुझं अभिनंदन मी आज करणार नाही, आणखी थोडे दिवस लागतील.

पण काल जे झालं ते तुला कळवलंच पाहिजे. पप्पांनी माझा सत्कार आधीच ठरवून ठेवला होता, हायस्कूलच्या पटांगणात. मी हरले तरी तो रद्द केला नाही. मला वाटलं, हरलेल्या पोरीचाही सत्कार करतात, बरं आहे. खुर्च्या भरलेल्या, आजी पहिल्या रांगेत. ज्यांच्या हस्ते सत्कार होता ते भाषणाला उठले आणि म्हणाले, "ह्या लेकीनं थोरामोठ्यांचा मान राखला. आत्याची इच्छा ओळखून आपली जागा तिला अर्पण केली. हे आपले संस्कार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पप्पांनी मान खाली घातली, पण थांबवलं नाही. त्यांनीच सांगितलं असणार. हरलेली पोर सांगण्यापेक्षा अर्पण करणारी बरी.

माझे कान तापले. मी उठून माईक घेतला. ते शाल घालायला पुढे आले होते, ते तसेच थांबले.

मी म्हटलं, "मी कुणाला काही अर्पण केलेलं नाही. मी ५७२ मारले. आत्यानं ५७९ मारले. मी हरले."

पप्पा खुर्चीवरून अर्धे उठले आणि म्हणाले, "अक्षे, बस खाली."

मी म्हटलं, "पप्पा, थांबा, अजून आहे. पहिल्या चाचणीत आत्याचं शून्य झालं तेही तिनं मला दिलेलं नव्हतं. तिची चूक होती, तिनं हात वर करून सांगितली. माझ्या टार्गेटवर तिची गोळी आली तेव्हा मी हात वर केला नव्हता. चार सेकंद गप्प राहिले. त्याची मला लाज वाटते. आता तुम्ही सांगा, शाल कुणाला घालायची."

मी रडत होते, पण माईक सोडला नाही. मागच्या बाजूला कॉलेजच्या चार पोरी उभ्या होत्या, त्यातल्या एकीनं एकटीनंच टाळी वाजवली आणि मग घाबरून थांबली. आजी बाजूच्या बाईला विचारत होती, "काय म्हंती? हरली म्हंती व्हय?" आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आसूंदे की मग. घरातच हरली न्हवं?"

शाल कुणीच घेतली नाही. ती टेबलावरच राहिली. पप्पा रात्री जेवले नाहीत. आज सकाळी मला एवढंच म्हणाले, "तुमा दोगींस्नी माज्या तोंडाला काळं फासायचंच हुतं." मी म्हटलं, तुमच्या बहिणीला देशानं निवडलंय, ते तोंडावर घेऊन फिरा. ते गेले निघून. राखीचं काय होईल ते मला माहीत नाही, मी तुला खोटी आशा लावणार नाही.

तू दहा तारखेला निघणार असं उदय काका म्हणाले. मी अकरा तारखेपासून इस्लामपूरला येते. तू नसलीस तरी शेडमध्ये सराव करीन, काका नंबर ओरडतील. नोव्हेंबरात पुढच्या निवडी आहेत, तुझं नाव असलं नसलं तरी मी तुझाच आकडा समोर ठेवून मारणार आहे.

आणि बाकूला जाऊन नीट मार. मी तुझ्याकडून हरले आहे, आत्या. तू तिथे कुणाकडूनही हरून आलीस, तर ते मला चालणार नाही.

अक्षता